ट्यूनिंगच्या आधी डिझेलची वाट तपासा: पिकअपच्या इंधनप्रणालीची टाकीपासून इंजेक्टरपर्यंत दुरुस्ती

पुण्याच्या आसपास डिझेल पिकअप दोन अगदी वेगळ्या कामांसाठी घेतली जाते. नारायणगाव, मंचर किंवा सासवडहून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल आणणाऱ्या बोलेरो आणि योद्धा एकीकडे, तर सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी किंवा वरंध घाटाकडे निघणाऱ्या व्ही-क्रॉस, झेनॉन आणि हायलक्स दुसरीकडे. गाडी कोणतीही असली तरी काही वर्षांनी मालकाच्या मनात एकच विचार घोळू लागतो: चढावर गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, तेव्हा रिमॅप करून घ्यावा किंवा ट्यूनिंग बॉक्स लावावा. गफलत इथेच होते. पूर्वीसारखी न ओढणारी गाडी ट्यूनिंगला न्यायची नसते, आधी दुरुस्त करायची असते. बिघाड डिझेलच्या वाटेवर असेल, तर तो पुष्कळदा कमी दाबाच्या, स्वस्तात दुरुस्त होणाऱ्या भागात निघतो. म्हणून तपासणी टाकीकडून इंजिनाकडे, क्रमाने आणि प्रत्येक टप्प्यावर काहीतरी मोजून करावी. आधी इंजेक्टर उतरवून मग कारण शोधत मागे येण्याची पद्धत मालकाच्या खिशाला परवडत नाही.

ट्यूनिंग इंधनप्रणालीकडून काय मागते

रिमॅप म्हणजे ईसीयूमधील, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकातील, तक्ते बदलणे. कोणत्या आरपीएमला आणि किती भाराला किती डिझेल, किती दाबाने, केव्हा आणि किती वेळ फवारायचे, हे त्या तक्त्यांत लिहिलेले असते. व्ही-क्रॉसच्या अडीच लिटर इंजिनाचा मूळ टॉर्क ३२० न्यूटन-मीटर आहे. त्यात २० टक्के वाढ करायची म्हणजे ३८४ पर्यंत जायचे, आणि त्यासाठी प्रत्येक स्ट्रोकला जास्त डिझेल जाळावे लागते. ३००० आरपीएमला चार-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला २५ वेळा मुख्य फवारणी करतो आणि तिच्या आधीची छोटी पायलट फवारणी वेगळीच असते. पूर्ण भारावर रेलमधील, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या समाईक नळीतील (कॉमन रेल), दाब मॉडेलनुसार १६०० बार किंवा त्याहूनही वर जातो.

उच्च दाबाचा पंप रेलला जे डिझेल देतो, त्याचे तीन वाटे पडतात. एक वाटा सिलिंडरमध्ये जळतो, दुसरा इंजेक्टर उघडण्या-मिटण्याच्या नियंत्रणासाठी वापरला जाऊन रिटर्न लाइनने टाकीत परततो, आणि तिसरा झिजलेल्या भागांतून नुसताच गळून रिटर्नला जातो. हा तिसरा वाटा झिजेबरोबर वाढतो आणि दाबाबरोबरही वाढतो. मूळ सेटिंगवर पंपाच्या क्षमतेत थोडी शिल्लक असते, त्यामुळे ही गळती चालकाच्या लक्षात येत नाही. रिमॅपने पहिला वाटा आणि रेलचा दाब दोन्ही वाढवले की ती शिल्लक संपते, प्रत्यक्ष दाब मागणीपेक्षा खाली राहतो, ईसीयू रेलचा दाब कमी असल्याचा पी ००८७ हा कोड नोंदवतो आणि गाडी ऐन घाटात लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी ताकद घटवलेल्या अवस्थेत, जाते. मग दोष ट्यूनरच्या माथी मारला जातो, वास्तविक त्याच्या मॅपने आधीपासून असलेली झीज फक्त उघड केलेली असते.

याहून मोठा धोका दुसऱ्या बाजूला आहे. नीट न मिटणारा, फवारणीऐवजी टिपकणारा इंजेक्टर त्या सिलिंडरला जादा डिझेल देतो. डिझेल इंजिनात जादा डिझेल म्हणजे थेट जादा उष्णता, आणि वाढवलेल्या मॅपवर तेच डिझेल पिस्टनचा माथा जाळून भोक पाडू शकते. इतके झाल्यावर इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी दोन सक्त सूचना

जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री मिस मारणारा सिलिंडर शोधण्यासाठी चालू इंजिनात एकेका नोझलचा पाइप ढिला करून आवाज ऐकत असत. त्या पंपांवर ती पद्धत चालून जाई. कॉमन रेलवर ती जिवावर बेतू शकते. रेलच्या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आतले स्नायू नासू लागतात आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. अशी इजा झाल्यास घरी हळद लावून वाट पाहू नये, लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गळती शोधण्यासाठी पाइपवरून हात फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा आणि त्यावर ओल उमटते का ते पाहावे. उच्च दाबाचा कोणताही नट सोडण्यापूर्वी इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे आणि स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूमधील आकडे व कोड दाखवणाऱ्या उपकरणावर, दाब शून्याजवळ आल्याची खात्री करून घ्यावी.

दुसरी सूचना स्वच्छतेची. इंजेक्टरच्या आतील फटी काही मायक्रॉनच्या असतात, तर माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. रस्त्याकडेला, धूळ उडत असताना रेल उघडणे म्हणजे नवीन बिघाड आत सोडणे होय. पाइप सोडण्यापूर्वी तो भाग धुऊन हवेने कोरडा करावा, उघडी तोंडे प्लास्टिकच्या स्वच्छ टोप्यांनी बंद करावीत आणि तंतू सुटणारे कॉटन वेस्ट तिथे अजिबात वापरू नये.

तक्रार लिहून काढा, मग स्कॅनर लावा

‘गाडी बसते’ एवढ्या तक्रारीवरून निदान होत नाही. गाडी सकाळी उशिरा सुरू होते की गरम झाल्यावर बंद पडते, टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच त्रास होतो का, सपाट रस्त्यावर ठीक आणि खंबाटकीच्या चढावर लंगडी असे आहे का, धूर काळा आहे की पांढरा, हे चालकाला एकेक करून विचारावे. मालवाहू गाडीच्या बाबतीत मालकापेक्षा चालकाला जास्त माहिती असते. ‘शेठ, अर्ध्या तासाने दम सोडते, थांबवली की परत बरी चालते’ असे तो सहज बोलून जातो आणि त्या एका वाक्यात टाकीच्या झाकणाचे निदान दडलेले असू शकते.

यानंतर स्कॅनर लावून नोंदलेले कोड उतरवून घ्यावेत आणि ते उतरवण्याआधी पुसू नयेत. पी ००८७ म्हणजे दाब कमी, पी ००८८ म्हणजे दाब जास्त, पी ०१९१ ते पी ०१९३ हे रेलच्या दाब-सेन्सरचे कोड, पी ०२०१ पासून पुढचे कोड इंजेक्टरच्या विद्युत मंडलाचे. कोड हा फक्त पत्ता असतो, कारण नसते. पी ००८७ आला म्हणून पंप बदलणारे गॅरेज आणि त्याच कोडवर तुंबलेला फिल्टर बदलून गाडी चालू करून देणारे गॅरेज, ही दोन्ही या शहरात सापडतात.

बॅटरीही याच वेळी तपासून घ्यावी. बहुतेक ईसीयू रेलमध्ये साधारण १५० ते २५० बार दाब तयार झाल्याशिवाय इंजेक्टर उघडत नाहीत. स्टार्टर मंद फिरला तर पंपही मंद फिरतो, दाब तयार होत नाही आणि बॅटरीचा दोष डिझेलच्या नावावर चढतो.

टाकी आणि डिझेल

सर्वांत आधी फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून पारदर्शक बाटलीत अर्धा लिटर डिझेल काढावे आणि ती बाटली निदान तासभर हलवू नये. चांगले डिझेल एकसारखे, पारदर्शक आणि फिकट पिवळसर दिसते. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे. थराच्या सीमेवर काळपट-तपकिरी चिकट पापुद्रा असेल तर पाण्याच्या आणि डिझेलच्या सांध्यावर वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंची वस्ती झालेली आहे, आणि तिथे नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. तांबूस गाळ गंजाचा असतो. बाटली उन्हात तिरकी धरल्यावर चंदेरी चमकी फिरताना दिसली तर ती धातूची झीज असू शकते. तिच्याकडे पंपाच्या टप्प्यावर पुन्हा यावे लागेल.

आपल्याकडे पाणी येण्याचे मार्ग ठरलेले आहेत. पावसाळ्यात ओलाव्यामुळे अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी साठते, झाकणाची रबरी गॅस्केट कडक झाली की धुलाईचे पाणी आत उतरते, आणि शेतावर ट्रॅक्टरसाठी किंवा जनरेटरसाठी कॅनमध्ये ठेवलेले डिझेल पिकअपमध्ये ओतले की कॅनच्या तळाचा सगळा गाळ सोबत येतो. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण उच्च दाबाच्या पंपाला वेगळे ऑइल नसते, त्याचे वंगण म्हणजे त्यातून वाहणारे डिझेलच. शंका असल्यास पेट्रोल पंपावर घनता मोजून दाखवण्याची मागणी ग्राहकाला करता येते, आणि ती करण्यात संकोच बाळगू नये.

टाकीत हवा आत येण्याची जागा तुंबली असेल तर डिझेल ओढले जाईल तसतशी आत निर्वात तयार होते. चढावर दम सोडलेल्या गाडीचे झाकण तिथेच उघडून पाहावे. हवा ‘फुस्स’ करून आत शिरली आणि त्यानंतर गाडी पुन्हा ओढू लागली, तर दोष जवळपास सापडला. टाकीतली जाळी, म्हणजे स्ट्रेनर, टाकी उतरवल्यावर हमखास तपासावी. मालवाहू गाड्यांत प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा जाळीला चिकटलेला निघण्याचे प्रकार कमी नाहीत.

कमी दाबाची वाट: हवा आणि ओढ

ज्या गाड्यांत टाकीत विजेवर चालणारा पंप नसतो, तिथे उच्च दाबाच्या पंपाला जोडलेला फीड पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून त्या पंपापर्यंतची सगळी वाट वातावरणापेक्षा कमी दाबाखाली असते. या वाटेवर सांधा ढिला असेल तर डिझेल बाहेर गळत नाही. बाहेरची हवा आत जाते. स्ट्रॉला चीर पडली की उसाचा रस वर येण्याऐवजी नुसती हवा येते, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच ‘कुठेही ओल नाही, लाइन ठीक आहे’ हा निष्कर्ष इथे चुकीचा ठरतो.

हवा पकडण्याची खात्रीची पद्धत अशी: फिल्टर आणि उच्च दाबाचा पंप यांच्या मधल्या रबरी होजच्या जागी तात्पुरता पारदर्शक, डिझेल सहन करणारा होज तेवढ्याच मापाच्या क्लिप लावून बसवावा. हँड प्रायमर, म्हणजे डिझेल भरण्यासाठी हाताने दाबायचा छोटा पंप, कडक होईपर्यंत दाबून हवा काढावी, इंजिन सुरू करावे आणि आयडलवर काही मिनिटे नुसते पाहावे. सुरुवातीचे तुरळक बुडबुडे निघून जातात. बारीक बुडबुड्यांची सलग माळ चालूच राहिली तर हवा येते आहे. मग मागे सरकत जावे: तोच पारदर्शक होज फिल्टरच्या आधी लावावा. तिथे बुडबुडे नसतील तर हवा फिल्टरच्या डोक्यातून, त्याच्या ओ-रिंगमधून किंवा ड्रेन स्क्रूमधून शिरते. तिथेही असतील तर टाकीपर्यंतचा पाइप, चासीवर घासलेली जागा आणि टाकीवरचे जोड पाहावेत. हँड प्रायमरचा रबरी भाग जुना झाला की त्याचा आतला झडप-पडदा फाटतो आणि तोही हवा घेतो. रात्री गाडी चढावर, तोंड वर करून उभी केल्यावर सकाळी खूप वेळ स्टार्टर मारावा लागतो, पण तोंड खाली करून उभी केली की लगेच सुरू होते, हे लक्षण हवेचेच आहे.

हवेनंतर ओढ मोजावी. पंपाच्या आधी टी-जोड लावून निर्वात मोजणारा गेज बसवावा आणि आयडलवर, मग झटक्यात ॲक्सिलरेटर दाबून वाचन घ्यावे. मर्यादा कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली असते. ती ओलांडली जात असेल तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. फिल्टर नवा टाकूनही वाचन तसेच राहिले, तर टाकीतली जाळी किंवा दगड लागून चेपलेला धातूचा पाइप हे पुढचे संशयित होत. तात्पुरते स्वच्छ कॅनमध्ये ताजे डिझेल घेऊन, आखूड नव्या होजने इंजिन त्यावर चालवून पाहिले तर टाकीकडचा दोष आणि पुढचा दोष एका झटक्यात वेगळे होतात. मोजायला गेज नसलेल्या गॅरेजमध्येही ही चाचणी करता येते. कॅन इंजिनाच्या गरम भागापासून आणि पंख्यापासून दूर घट्ट बांधावा, आणि ही चाचणी गाडी उभी असतानाच करावी.

टाकीत विजेचा पंप असलेल्या गाड्यांत ओढीऐवजी दाब आणि प्रवाह मोजावा. कनेक्टरवर व्होल्टेज नीट पोहोचते का, हे आधी पाहावे. गंजलेला अर्थिंगचा जोड पंपाला मंद करतो आणि पंप मात्र विनाकारण बदलला जातो.

फिल्टरबद्दल फार सांगण्यासारखे नाही, पण एक गोष्ट ठाम सांगावीशी वाटते. फिल्टर गाडीच्या कंपनीचा किंवा त्या कंपनीला माल पुरवणाऱ्या उत्पादकाचाच घ्यावा. नाना पेठेत चांगला माल मिळतो तसा हुबेहूब खोक्यातला नकली मालही मिळू शकतो, आणि निम्म्या किमतीच्या फिल्टरने वाचवलेले पैसे इंजेक्टरच्या बिलात कितीतरी पटींनी परत जातात. जुना फिल्टर फेकण्याआधी कापून, कागदाच्या घड्या उलगडून पाहाव्यात. त्यात अडकलेला माल टाकीची आणि पंपाची अवस्था सांगतो. नवा फिल्टर बसवताना त्यात बाहेरून डिझेल ओतू नये, हँड प्रायमरनेच भरावा, कारण ओतलेले डिझेल गाळले न जाता थेट पंपाकडे जाऊ शकते.

एससीव्ही आणि उच्च दाबाचा पंप

पंपात किती डिझेल आत घ्यायचे हे ठरवणारा विद्युत झडप-भाग पंपावरच असतो. डेन्सोच्या पंपांवर त्याला एससीव्ही म्हणतात, बॉशच्या पंपांवर मीटरिंग युनिट. यात बारीक गाळ किंवा डिझेलचा वार्निशासारखा थर बसला की तो अडकत-अडकत चालतो. आयडलला आरपीएम सतत वर-खाली होतो, ज्याला आपल्याकडे गाडी ‘हंट होते’ असे म्हणतात, आणि सिग्नलला थांबताना गाडी अचानक बंद पडते. कमी दाबाची वाट स्वच्छ ठरल्यावरही रेलचा दाब डोलत असेल, तर हा भाग बदलणे योग्य. तो धुऊन परत बसवण्याचा प्रयोग क्वचित टिकतो. बदलल्यावर अनेक गाड्यांत स्कॅनरने शिकवणी द्यावी लागते, म्हणजे ईसीयूला नव्या भागाची ओळख करून द्यावी लागते. ती न दिल्यास नवा भाग बसवूनही जुनीच लक्षणे दिसतात आणि गॅरेजवाला चक्रावतो.

हा भाग काढलेलाच आहे तर त्याची जाळी आणि त्याची जागा प्रखर प्रकाशात पाहून घ्यावी. तिथे चंदेरी चमकी दिसली तर पंप आतून झिजतो आहे. अशा वेळी फक्त पंप बदलणे निरर्थक ठरते, कारण चमकी रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि रिटर्नने टाकीतही पोहोचलेली असते. पंप, इंजेक्टर, रेल, पाइप, फिल्टर आणि टाकी अशी संपूर्ण मालिका साफ किंवा बदली करावी लागते. हा खर्च मोठा आहे. तो उभा राहिला असेल तर ट्यूनिंगचा विचार तूर्त बाजूला ठेवलेलाच बरा.

डिझेल संपून गाडी बंद पडली असेल तर स्टार्टर मारत राहू नये. पंप कोरडा फिरतो आणि कोरड्या फिरलेल्या पंपाची झीज झपाट्याने होते. आधी प्रायमरने हवा काढावी, मग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही असा स्टार्टर मधून-मधून द्यावा.

रेलवर दोनच गोष्टी पाहायच्या असतात. इंजिन बराच वेळ बंद असताना स्कॅनरवर दाब शून्याच्या जवळ दिसला पाहिजे. तिथे ठळक आकडा दिसत असेल तर सेन्सर खोटे बोलतो आहे आणि त्याच्या आधारावर पुढचे कोणतेही निदान करू नये. दुसरे म्हणजे, रेलच्या टोकाला असलेल्या दाब-मर्यादा झडपेची रिटर्न नळी वेगळी करून पाहावी. आयडलवर तिच्यातून डिझेल यायला नको. येत असेल तर झडप बसलेली नाही आणि पंपाने बनवलेला दाब तिथून वाया जातो. गरम इंजिनावर आयडलचा दाब साधारण २५० ते ४०० बारच्या पट्ट्यात असतो. स्कॅनर मेगापास्कलमध्ये दाखवत असेल तर १ मेगापास्कल म्हणजे १० बार हे ध्यानात ठेवावे.

इंजेक्टर

इथवरचे सगळे ठीक निघाल्यावरच इंजेक्टरकडे वळावे. पहिली चाचणी त्यांना हात न लावता होते. गरम इंजिन आयडलवर ठेवून स्कॅनरवर चारही सिलिंडरच्या दुरुस्तीचे, म्हणजे ईसीयू प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल वाढवून किंवा घटवून देतो आहे याचे आकडे पाहावेत. आकडा किती आहे यापेक्षा एखादा आकडा इतर तिघांपासून सुटा पडला आहे का, हे महत्त्वाचे. मात्र सुटा पडलेला सिलिंडर म्हणजे खराब इंजेक्टरच असे नाही. तिथे कॉम्प्रेशन कमी असले तरी ईसीयू तिथे डिझेल वाढवतो.

दुसरी चाचणी रिटर्न मोजण्याची. सोलेनॉइड, म्हणजे विद्युत-चुंबकाने उघडणारे, इंजेक्टर असलेल्या गाडीत चारही रिटर्न नळ्या काढून त्यांच्या जागी सारख्याच लांबीच्या पारदर्शक नळ्या लावाव्यात आणि त्या मापाच्या खुणा असलेल्या चार बाटल्यांत सोडाव्यात. जुन्या रिटर्न नळीचे मोकळे तोंड बंद करायला विसरू नये. इंजिन ठरावीक वेळ आयडलवर चालवून बंद करावे आणि बाटल्या एका सपाट फळीवर शेजारी-शेजारी ठेवाव्यात. तीन बाटल्यांत पातळी जवळपास एका रेषेत आणि चौथ्यात दुप्पट वर, असे दिसले की वेगळे सांगावे लागत नाही. चारही बाटल्या भरभरून आल्या असतील तर चारही इंजेक्टर झिजले आहेत, आणि अशी गाडी सकाळी सुरू व्हायला वेळ घेते कारण स्टार्टरच्या वेगाने पंपाने बनवलेला दाब रिटर्नमध्येच निघून जातो. ज्या गाड्यांत पिझो, म्हणजे विजेने प्रसरण पावणाऱ्या स्फटिकाने चालणारे, इंजेक्टर आहेत त्यांच्यावर ही बाटलीची चाचणी करू नये. त्यांच्या रिटर्नमध्ये ठरावीक दाब राखलेला असावा लागतो.

संशयित इंजेक्टर उतरवून भोसरी किंवा चाकण परिसरातल्या, कॉमन रेलचा बेंच असलेल्या पंप-नोझलच्या दुकानात द्यावेत. ‘कॅलिब्रेशन करून दिले’ या तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. पूर्ण भार, मध्यम भार, आयडल आणि पायलट या प्रत्येक टप्प्यावर किती डिझेल फवारले आणि किती रिटर्नला गेले, याचा छापील कागद मागावा. ट्यूनरला पुढे हाच कागद दाखवायचा आहे. नुसते नोझलचे टोक बदलून भागते की आतला झडप-भागही झिजला आहे, हे त्याच आकड्यांवरून ठरते.

परत बसवताना तांब्याचा वॉशर नवाच टाकावा आणि खालची बैठक काजळी खरवडून स्वच्छ करावी. हा वॉशर बसला नाही तर ज्वलनाचा वायू ‘चफ-चफ’ आवाज करत वर येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावा. अनेक कंपन्या उच्च दाबाचे पाइप एकदा सोडले की नवेच वापरा असे सांगतात आणि ते अनाठायी नाही, कारण शंकूच्या टोकावर एकदा बसलेली खूण दुसऱ्यांदा तंतोतंत जुळेलच असे नसते. इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेला कोड ईसीयूमध्ये भरला नाही तर ईसीयू जुन्या इंजेक्टरच्या हिशोबाने डिझेल मोजत राहतो.

इंजेक्टर टिपकत असल्याची एक खूण मालकाला घरीच दिसू शकते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल पिस्टनच्या कडेने खाली उतरते आहे. बीएस-६ गाड्यांत, म्हणजे देशभर १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या गाड्यांत, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, वारंवार स्वतःला साफ करत असेल तरी ऑइल असेच वाढते, त्यामुळे दोन्ही शक्यता तपासाव्यात.

काळा धूर दिसला की इंजेक्टरवर बोट ठेवण्याची घाई होते. काळा धूर डिझेल जास्त झाल्याने येतो तसाच हवा कमी पडल्यानेही येतो. चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर, इंटरकूलरचा फाटलेला होज, काजळी धरलेला ईजीआर झडप (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा) आणि मळलेला एअर-फ्लो सेन्सर हे सगळे आधी पाहावेत. यांपैकी एकही दोष इंजेक्टर बदलून जाणार नाही.

घाटातली चाचणी

उभ्या गाडीवर ॲक्सिलरेटर देऊन ट्यूनिंगची तयारी कळत नाही, कारण भाराशिवाय इंजिन फारसे डिझेल मागतच नाही. गाडीत नेहमीचा माल भरावा, टाकीत निदान निम्मे डिझेल असावे, आणि पहाटे वाहतूक तुरळक असताना कात्रजच्या जुन्या घाटात किंवा दिवे घाटात जावे. एकाने गाडी चालवावी, स्कॅनर दुसऱ्याने धरावा; चालकाने स्क्रीनकडे पाहू नये. तिसऱ्या गिअरमध्ये साधारण १५०० आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, वेगमर्यादा न ओलांडता इंजिन वर जाऊ द्यावे आणि मागितलेला रेल दाब, प्रत्यक्ष दाब, एससीव्हीचा करंट किंवा ड्यूटी, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि डिझेलचे तापमान यांची नोंद साठवावी.

दोन्ही दाबांच्या रेषा एकमेकींना चिकटून चालल्या तर प्रणाली निरोगी आहे. गिअर बदलताना क्षणभर फरक पडतो, त्याची चिंता नको. सुरुवातीला ठीक आणि आरपीएम वाढत जाईल तसतसा प्रत्यक्ष दाब मागे पडत गेला, तर डिझेल पुरेसे पोहोचत नाही. फिल्टर, जाळी आणि झाकण पुन्हा पाहावे. कमी आरपीएमला जोराच्या भारावरच दाब खचत असेल तर गळती, म्हणजे इंजेक्टर किंवा झिजलेला पंप. दोन्ही रेषांभोवती करवतीसारखे दाते दिसत असतील तर हवा किंवा एससीव्ही. प्रत्यक्ष दाबाची रेषा अचानक शून्यावर जाऊन परत येत असेल तर तो दाबाचा खेळ नसून वायरिंगचा आहे. खड्ड्यांतून जाताना असे झाले तर सेन्सरचा कनेक्टर हलवून पाहावा.

एससीव्ही किती ताणलेला आहे हा आकडा ट्यूनिंगच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. मूळ मॅपवर, पूर्ण भारावर दाब नीट राखला जात आहे, पण त्यासाठी एससीव्ही जवळपास पूर्ण उघडलेला आहे, असे दिसले तर गाडी आज निरोगी आहे आणि तरीही तिच्यात रिमॅपसाठी शिल्लक उरलेली नाही. अशा गाडीत ट्यूनरला रेलचा दाब न वाढवण्याची अट घालावी किंवा पंपाचे काम आधी करून घ्यावे.

मॅप टाकण्यापूर्वी

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनाच्या मूळ प्रमाणित तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करते. कोथरूडच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) यासारख्या संस्थांत गाडीचे उत्सर्जन तपासून प्रमाणित केले जाते, तेव्हा इंजिनाचा मॅपही त्या तपासणीचाच भाग असतो. ईजीआर किंवा डीपीएफ काढून टाकणारे ‘पॅकेज’ कोणी देऊ केले तर ते बेकायदा आहे, आणि वॉरंटी व विम्याचा दावाही अडचणीत येतो. धुराची मर्यादा सांभाळणारा, सौम्य मॅप मागावा आणि टाकून झाल्यावर पीयूसी पुन्हा करून घ्यावे.

ट्यूनरकडे जाताना बेंचचा छापील कागद, घाटातली नोंद आणि कापलेल्या फिल्टरचा फोटो सोबत न्यावा. हे पाहून प्रश्न विचारणारा ट्यूनर काम देण्याजोगा. कागद बाजूला सारून ‘सगळ्यांना हाच मॅप टाकतो’ म्हणणारा नव्हे. त्याच्याकडून मूळ मॅपची प्रत स्वतःजवळ घ्यावी. नवा मॅप टाकल्यावर तोच घाट, तोच गिअर आणि तेवढाच माल ठेवून नोंद पुन्हा घ्यावी व दोन्ही नोंदी शेजारी लावून पाहाव्यात. प्रत्यक्ष दाब मागणीपासून सुटू लागला असेल तर गाडी तशीच न वापरता मूळ मॅप परत टाकून घ्यावा. एरवी पहिल्या हजार किलोमीटरनंतर फिल्टर काढून कापावा आणि त्यात चमकी नाही याची खात्री झाल्यावरच गाडी पूर्ण मालावर घालावी.